सात पाण्यांची दोरी

जहाजावर. निघाल्यापासून अकरावा दिवस

बाबा,

अक्षर माझंच आहे. ताई उंबऱ्यात बसून वाचत असेल आणि तुम्ही दोरासाठी वाख विंचरत, आपण ऐकतच नाही असं दाखवत असाल. चालेल. मीही बोलत नाही असं दाखवतच लिहितोय.

चौदा महिने झाले. "जन्मभर उलटं चालणारा माणूस मला काय रस्ता दाखवणार," असं बोलून मी पडवीतून निघालो होतो. दोर वळणाऱ्याला मागे मागेच चालावं लागतं, पेड पुढे खुंटीला आणि माणूस उलट्या पावलांनी मागे, हे मला तेव्हाही कळत होतं. लागेल असं काहीतरी बोलायचं होतं, ते सापडलं, बोललो. तुम्ही तेव्हाही चालायचे थांबला नाहीत. थांबला असतात तर दोरात गाठ पडली असती, हेही मला कळत होतं.

बरं, बातमी. मी एका मालाच्या जहाजावर आहे. तीन डोलकाठ्या, सोळा शिडं, सगळी मिळून तेहतीस माणसं. पहिल्या दिवशी डोलकाठीवर चढलो आणि खाली बघितलं तर जहाज पायाखाली नव्हतंच. ते झुकून बाजूला गेलं होतं आणि माझ्याखाली नुसतं हिरवं पाणी. दोन्ही हातांनी काठीला मिठी मारली. पण बाबा, चारही बाजूंनी गोल रेषा आणि मधोमध आपण, जसं कोणी परातीत दाणा ठेवावा. मी वर इतका वेळ बसलो की खालून खलाशांच्या तांडेलाने विचारलं, "तिथेच संसार थाटतोस का?"

परवा मासे उडाले. ताई, हसू नकोस, खरंच उडाले, पाण्यातून निघून पन्नास हात हवेत. एक येऊन थेट आचाऱ्याच्या पिठात पडला. आचारी म्हणाला, "हा बघ, न बोलावता जेवायला आला. तुम्हाला मेल्यांनो तीनदा हाका माराव्या लागतात." हा आचारी माझ्यासाठी भाकरीची करपलेली कड राखून ठेवतो. मला ती आवडते हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

आता कप्तानसाहेबांबद्दल. मी असा माणूस पाहिलेला नाही. पांढरा कोट, त्यावर डाग म्हणून नाही. ते बोलत नाहीत, उजव्या हाताचं एक बोट जरासं उचलतात आणि तेवढ्यावर सोळा शिडं फिरतात. एवढं मोठं लाकूड, एवढा वारा, आणि एक बोट. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या हातातली बादली सुटली.

आणि खरी गोष्ट राहिलीच. पाणी मोजायची दोरी आहे इथे. पहिल्याच आठवड्यात हातात आली तेव्हा तळव्याला काहीतरी ओळखीचं लागलं. पीळ जरासा उलगडून बघितला, तर मधल्या पेडाच्या पोटात निळं सूत, तुमची खूण. बाबा, तुमची दोरी. आपल्या पडवीपासून एवढ्या लांब, कुठल्या कुठल्या बंदरांतून फिरून, माझ्या हातात. मी साहेबांना सांगून टाकलं की ही आमच्या घरची. ते हसले आणि मला पाणी मोजणाऱ्या काकांच्या हाताखाली दिलं.

काकांना सगळे चाखूकाका म्हणतात. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा असतो, त्याच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरतात. गोळा तळाला टेकला की चरबीला तिथली माती, वाळू चिकटून वर येते. काका ती बोटावर घेऊन जिभेला लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "नदी जवळ आहे," किंवा "इथे खाली खडक, नांगर टाकू नका." साठ हात खालची जमीन, जी कोणी पाहिली नाही, कोणी पाहणार नाही, ती ह्या माणसाला चवीने माहीत आहे. मीही चाखून बघितलं. मला खारट लागलं.

हे पत्र समोरून येणाऱ्या जहाजाकडे देतोय.

(ताई, हा कंस मनात वाच, मोठ्याने नको. ही दोरी कोणती ते मला माहीत आहे. टोकाचा फास डाव्या हाताने विणलाय, म्हणजे माझा. मी घर सोडायच्या आठवड्यातली शेवटची. बाबा पाणी मोजायच्या दोरीला सात पाणी देतात, सातदा भिजवून, वजन लावून ताणून, सुकवून, आणि मगच दर वावाला मापाच्या पट्ट्या बांधतात, कारण कोरी दोरी भिजली की आखडते, मग पट्ट्या जवळ येतात आणि पाणी आहे त्याहून खोल दिसतं. ह्या दोरीला मी तीनच पाणी दिली. बंदरात नवं जहाज आलं होतं, ते बघायला पळायचं होतं. पट्ट्या बांधून टाकल्या आणि सात झाली म्हणून सांगितलं. बाबांनी विचारलंही नाही. इथे मोजून बघता येईल. अजून बघितलेली नाही.)


जहाजावर. सव्विसावा दिवस

बाबा,

पत्र मिळालं का हे कळायची सोय नाही, तरी लिहितो. इथे वेळ फार आहे, आणि पाणी.

काल एक देवमासा जहाजाच्या शेजारून गेला. शेजारून म्हणजे किती, तर मी काठावरून हात खाली सोडला असता तर त्याच्या पाठीला लागला असता. त्याचा डोळा वर आला. केवढा असेल वाटतं? गाईच्या डोळ्यापेक्षा फार मोठा नाही. एवढं प्रचंड जनावर आणि बघतं आपल्यासारखंच, एका वेळी थोडंसं. मी त्या डोळ्याला नमस्कार केला. तांडेल म्हणाला, "त्याला सांग, पुढचं बंदर कुठे आहे ते. आमच्यात कोणाला माहीत नाही." सगळे हसले, पण हसताना मागे साहेबांच्या खोलीकडे बघून हसले.

साहेबांचं सांगतो. माझा आदर कमी झालेला नाही. पण काही गोष्टी माझ्या डोक्यात बसत नाहीत, तुम्ही सांगा. जहाजावर दोन होड्या असायच्या, कागदोपत्री दोन आहेत. एक निघतानाच धक्क्यावर उतरवून ठेवली आणि तिच्या जागी पेट्या रचल्या. त्या पेट्या व्यापाऱ्यांच्या नाहीत, साहेबांच्या स्वतःच्या आहेत. दुसरं, परवा मी त्यांच्या खोलीत पाणी ठेवायला गेलो तेव्हा रोजनामा उघडा होता. परवा चोविसावा दिवस ना? त्यात सत्ताविसाव्यापर्यंतचं लिहून झालं होतं. वारा कुठून, पाणी किती खोल, सगळं सुंदर अक्षरात. मी वेड्यासारखा आधी चकितच झालो. वाटलं, ह्यांना पुढचं दिसतं.

चाखूकाकांना सांगितलं तर ते गोळ्याला चरबी फासायला लागले. मग म्हणाले, "पाणी मोजायला जहाज थांबवावं लागतं. थांबलं की उशीर होतो. उशीर झाला की पाहुणे विचारतात." आमच्याबरोबर दोन व्यापारी आहेत, माल त्यांचा. साहेबांनी त्यांना सांगून ठेवलंय की हा रस्ता आपल्याला तोंडपाठ आहे.

त्याच दुपारी वारा पडला आणि काकांनी कोणाला न विचारता गोळा सोडला. वर आला तो काळा चिखल आणि पांढऱ्या शिंपल्यांचा चुरा. त्यांनी जिभेला लावला आणि पुन्हा लावला. साहेबांसमोर जाऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणता तिथे आपण नाही आहोत. ही माती फार पूर्वेकडची. पुढे उथळ आहे."

साहेबांनी पाहुण्यांकडे बघून विचारलं, "म्हाताऱ्याला आज जेवण कमी पडलं का? चिखल खातोय."

पाहुणे हसले. दुसऱ्या दिवसापासून काकांना खाली, पाणी उपसायच्या कामाला लावलं. आणि साहेबांनी मला बोलावलं. बोट माझ्याकडे वळलं, बाबा. सोळा शिडं वळवणारं बोट. "आजपासून पाणी तू मोजायचं," म्हणाले. "दोरवाल्याचा मुलगा आहेस, दोरी तुझं ऐकेल."

मी हो म्हणालो. माझे कान गरम झाले होते. खाली जाऊन काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं, तुझे हात चांगले आहेत." एवढंच. त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. प्रत्येक पट्टीच्या गाठीवर त्यांनी शिडाच्या कापडाची टोपी शिवून टाकली आहे, म्हणजे धावत्या दोरीत गाठ बोटाला कापत नाही. वीस टोप्या, एकेक टाका मुंगीएवढा. "पट्टी तेवढी बाहेर. डोळे मिटूनसुद्धा कळलं पाहिजे. पाचवीला तीन शेपट्या, ती कधी चुकायची नाही."

(ताई, हे मनात. अजूनही मोजलेली नाही. आता तर मीच मोजणारा. कोणाला सांगू?)


किनाऱ्यावर. जहाज फुटल्यानंतर सहावा दिवस

बाबा,

मी जिवंत आहे हे ताईने सगळ्यात आधी वाचावं म्हणून वर लिहितोय. एकतीस जण जिवंत आहोत. दोघं नाहीत. सुतार आणि आचारी.

मीठ काढणाऱ्यांच्या एका वस्तीत आम्हाला आसरा मिळालाय. ह्यांच्या अंगणात मीठ असं वाळत घातलेलं असतं की डोळे उघडवत नाहीत. एक बाई मला रोज विचारते, "तू का जेवत नाहीस?" मी सांगतो, जेवतो.

स्वच्छ दुपार होती. वादळ नाही, धुकं नाही, काही नाही. साहेबांनी पाहुण्यांसाठी वरती टेबल मांडलं होतं. त्यांना दाखवायला म्हणून मला हाक मारली, "मोज, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग." मी गोळा सोडला. नऊ वाव. मी ओरडलो, "नऊ". एक वाव म्हणजे तुमचे पसरलेले दोन हात, बाबा, माझे नव्हेत, माझे तुम्ही आखूड म्हणायचात. जहाजाचा तळ पाण्याखाली तीन वाव, तेव्हा नऊ म्हणजे पुष्कळ. पुन्हा सोडला, पुन्हा ओरडलो, "नऊ". जरा वेळाने जहाज बसलं.

आवाज फार मोठा नव्हता. पाटावरून पाट सरकावा तसा. टेबलावरचे पेले एकामागून एक, सावकाश, एका बाजूला गेले. मग मधली डोलकाठी पडली.

होडी एकच होती, ती डोलकाठीखाली गेली, आणि ती सोडवायला धावलेले सुतार आणि आचारीही. दुसरी असती तर आचारी आणि सुतार तिच्यात असते, हे आता सगळे म्हणतात. किनारा दिसत होता, पण मधे पाणी असं उकळत होतं की त्यात उतरणार कोण. तेव्हा चाखूकाका खालून वर आले. कमरेला काय बांधलं माहीत आहे? पाणी मोजायची दोरी. तुमची. गोळा कापून माझ्या हातात दिला, म्हणाले, "हे वजन सांभाळ, मला पुरे झालं," आणि उडी मारली. साठीचा माणूस, बाबा. डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं. दोरी माझ्या तळव्यातून जात होती आणि मला तळव्यातून कळत होतं की ते अजून पोहत आहेत. मी आयुष्यात इतकं लक्ष देऊन काही धरलेलं नाही. मग दोरी थांबली. मी रडायला लागलो. आणि मग तिला तिकडून तीन हिसके बसले.

त्या बारीक दोरीला जाड दोर बांधून त्यांनी पलीकडे ओढून घेतला, खडकाला गुंडाळला, आणि त्याला धरून उरलेली तीस माणसं एकेक करून आली. साहेब आठवे आले. कोट भिजला होता.

करंगळीएवढी जाड दोरी. तुमच्या पडवीतली.

(ताई, हे अजिबात मोठ्याने वाचू नकोस. दुसऱ्यांदा सोडला तेव्हा नऊ नव्हते. पाच होते. तीन शेपट्या माझ्या बोटांत होत्या. मी वर बघितलं. साहेबांनी बोट उचललं होतं, जरासं, हसत, पाहुण्यांशी बोलता बोलता, आणि मी नऊ म्हणालो. त्यांनी मला सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. त्या बोटासमोर पाच म्हणायला तोंड उघडलं आणि नऊ बाहेर आलं. तेव्हाच ओरडलो असतो तर सुकाणू फिरवायला वेळ होता. आचाऱ्याने त्या सकाळी मला भाकरीची कड दिली होती.)


बंदर. चौकशीचा दुसरा दिवस

ताई,

हे पत्र फक्त तुला. बाबांनी विचारलं तर म्हण, पोरगं खुशाल आहे.

इथे बंदराच्या कचेरीत चौकशी चालू आहे. चौकशी करणाऱ्या बंदरसाहेबांना कायमचं पडसं आहे, शिंकले की सगळे कागद धरतात. आज कप्तानसाहेबांनी जबानी दिली. पांढरा कोट पुन्हा पांढरा झालाय, कसा कोण जाणे. उभे राहिले आणि अजूनही, ताई, अजूनही मला वाटलं, काय माणूस आहे. म्हणाले, "मी नऊ वाव पाण्यात जहाज चालवत होतो. सगळ्यांनी ऐकलंय." व्यापाऱ्यांनी मान हलवली. "नऊ वावांत जहाज बसत नाही. बसलं, म्हणजे दोरी खोटी. कच्ची दोरी, भिजून आखडलेली. दोर वळणाऱ्याने फसवलं."

ती दोरी खडकावरून सोडवून काकांनी आणली होती, ती आता कचेरीत टेबलावर पडलेली असते. बंदरसाहेबांनी पीळ उलगडला, निळं सूत बघितलं, लिहून घेतलं. हे सिद्ध झालं तर प्रत्येक बंदराला कळवणार की निळ्या सुताची दोरी कोणी घेऊ नये. बाबांचं सगळं आयुष्य त्या सुतात आहे. दोन माणसं मेली त्याचा डागही त्या सुताला.

बाहेर आलो तर साहेब जिन्याशी थांबले होते. मला म्हणाले, "तू नऊ म्हणालास, हो ना? मग तेवढंच सांग. खोटं काहीच बोलायचं नाही. खलाशाचा परवाना राहील तुझा. पुढच्या जहाजावर मी तुला घेईन." माझ्या खांद्यावर हात ठेवला. गरम होता. माणसाचाच हात.

आता बघ. मी पाच होते म्हणून सांगितलं तर माझा परवाना जाणार, त्याचं मला वाटायचं तेवढं वाटतंय. पण सांगितलं तरी ते दोरी मोजणार. आणि दोरीला तीनच पाणी आहेत. आखूड निघाली की म्हणतील, पोरगा बापाला वाचवायला खोटं बोलतो. मग बाबा गेले ते गेलेच, माझ्यामुळे.

चाखूकाका खानावळीत माझ्या शेजारच्या खाटेवर असतात. हातांची सालं गेलीत, मीच भरवतो. त्यांना सगळं सांगितलं, पाचाचं आणि तीन पाण्यांचंही. मला वाटलं तोंड फिरवतील. त्यांनी विचारलं, "मोजून बघितलीस?"

"नाही."

"का?"

"आखूड निघाली तर?"

"तू न मोजल्याने लांब होणार आहे का?" मग म्हणाले, "पुढचा घास दे."


बंदर. चौकशी संपली त्या दिवशी

बाबा,

ताई, ह्या पत्रात कंस नाहीत. सगळं मोठ्याने वाच. आधीच्या पत्रांतले कंसही आता बाबांना वाचून दाखव, आधी ते, मग हे. फक्त तुला लिहिलं तेही. मी थांबतो.

वाचलंस? बरं.

काल मी उभा राहिलो. बंदरसाहेबांनी विचारलं, "किती वाव ओरडलास?"

"नऊ."

"आणि दोरीवर किती होते?"

कप्तानसाहेब समोरच बसले होते. बोट टेबलावर होतं. मी त्याच्याकडे नीट बघितलं, बाबा, पहिल्यांदाच. नख चावलेलं होतं. एवढे दिवस मी कधी बघितलंच नव्हतं. म्हणजे हा माणूसही घाबरत होता, रोज, आमच्यातल्या कोणाहीपेक्षा जास्त, आणि तेहतीस जणांना घेऊन आंधळा चालत होता. मला राग यायला हवा होता. मला आश्चर्यच वाटलं, की एवढी भीती एवढ्या पांढऱ्या कोटात मावली कशी.

"पाच," मी म्हणालो. "पाच होते. मी खोटं ओरडलो."

खोलीत कोणी शिंकलंसुद्धा नाही.

मग मी होडीचं सांगितलं, पेट्यांचं, तीन दिवस आधी लिहिलेल्या रोजनाम्याचं. रोजनामा कप्तानसाहेबांकडेच होता, वाचवून आणलेला. उघडून बघितला तर जहाज बसल्यानंतरच्या दोन दिवसांचंही लिहिलेलं. वारा अनुकूल, पाणी बारा वाव.

साहेब हसले. म्हणाले, "हा दोरवाल्याचा मुलगा आहे. विचारा त्याला. बापाला वाचवतोय. दोरी भिजवा आणि मोजा, सगळं कळेल."

बंदरसाहेबांनी मला विचारलं, "दोरी खरी आहे असं तू सांगतोस?"

मी म्हणालो, "माहीत नाही. तिला सात पाणी द्यायची होती. मी तीनच दिली. बाबांना सात सांगितली." बाबा, तुमच्यासमोर हे बोलायला मला वर्षाहून जास्त लागलं, आणि बोललो ते परक्या माणसांसमोर.

दोरी रात्रभर पिंपात घातली. आज सकाळी कचेरीच्या लांब ओसरीत मोजायचं ठरलं. लोखंडी गज आणला, सरकारी मापाचा. काकांनी कापडाच्या टोप्या कापल्या, कारण गाठीपासून गाठीपर्यंत मोजायचं होतं. एकाने टोक खुंटीला धरलं आणि बंदरसाहेब म्हणाले, "ताणायला कोणीतरी घ्या." मी घेतली. आणि मागे चालायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं. मागे न बघता, पाऊल कुठे पडतं ते पायालाच माहीत, डोळे समोर दोरीवर. तुम्ही चालता तसा. तेव्हा मला दिसलं की उलटं चालणाऱ्याला झालेलं सगळं काम समोर दिसत असतं, एकेक हात. मी लहानपणापासून तुमची पाठच माझ्याकडे येताना बघत आलो, त्यामुळे हे कधी कळलं नाही.

पहिली गाठ. बरोबर. दुसरी. बरोबर. बंदरसाहेब प्रत्येक आकडा मोठ्याने सांगत होते. पाचवीला मला मोजायचं भान राहिलं नाही, कारण मी गाठ बघत होतो. मी पट्टी बांधतो ती दोन फेऱ्यांची, घाईची, गाठीचं शेपूट डावीकडे. ही तीन फेऱ्यांची होती, शेपूट आत दडवलेलं. सहावी तशीच. सातवी. सगळ्या वीस.

त्या माझ्या गाठी नव्हत्या, बाबा. तुमच्या होत्या.

म्हणजे मी जहाज बघायला पळालो त्यानंतर तुम्ही दोरी खाली घेतलीत, माझ्या वीसच्या वीस पट्ट्या सोडल्यात, राहिलेली चार पाणी दिलीत, चारदा ताणलीत, सुकवलीत, आणि पुन्हा बांधलीत. फास तेवढा माझा राहू दिलात, कारण फासात चूक नव्हती. आणि मी उलटं चालण्याबद्दल जे बोललो ते त्याच आठवड्यात, तुम्हाला सगळं माहीत असताना. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, तुमच्याकडे उत्तर नाही.

विसाव्या वावाला बंदरसाहेबांनी गज लावला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बोटभरही फरक नाही," म्हणाले. मग त्यांनी दोरी हातात घेतली आणि उगाचच जरा वेळ धरून ठेवली. "समुद्रातून तीस माणसं ओढून झाल्यावरही," म्हणाले, कोणाला ते कळलं नाही.

कप्तानसाहेबांचा परवाना गेला. ते जिना उतरताना कोणाकडे बघत नव्हते, आणि कोट पाठीमागून जुना दिसत होता. माझाही परवाना गेला, कायमचा. सही केली आणि कागद परत दिला. सुताराच्या आणि आचाऱ्याच्या घरी मी स्वतः लिहिणार आहे, ते पत्र ह्याहून अवघड आहे. आचाऱ्याच्या बायकोला कडेचं सांगेन.

दोरी काकांना दिली. मला वाटलं ती त्यांची आहे. त्यांनी जिभेला लावून बघितली आणि म्हणाले, "घरची."

मी निघतोय. जहाजाने नाही, पायी, म्हणजे वेळ लागेल, आणि वाटेत काय काय दिसेल त्यात मी अडकणार हे ताईला माहीतच आहे. पण येतोय.

तुम्हाला अक्षर वाचता येत नाही, म्हणून पत्रासोबत हातभर सुतळी ठेवली आहे. तिच्यावर तुमची तीन फेऱ्यांची गाठ बांधून बघितली आहे, उजव्या हाताने, शेपूट आत. अकरा वेळा सोडली, ही बारावी. ताई, ती बाबांच्या हातात दे.

बाबा, बरोबर असेल तर काही सांगायला नको, तुम्ही तसंही सांगत नाही. चुकली असेल तर ह्या वेळी तुम्ही सोडून परत बांधू नका. तशीच पडवीतल्या खुंटीला लावून ठेवा. मी येऊन सोडतो.